डाकीणकाकूंची मोजणी

"तिथंच थांबा! आधी मोजा!"

काकूंचा उचललेला पाय अधांतरी राहिला. दारात फरशीवर मणी पसरले होते, तुटलेल्या माळेचे, लाल, निळे, पिवळे, चांगले शंभरावर. पलीकडे पलंगावर सात वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी देशोदेशीच्या भुतांचं जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं.

काकू या दवाखान्यात बावीस वर्षं रक्त काढत होत्या. पोरं त्यांना डाकीणकाकू म्हणत, तेही तोंडावर, आणि काकू त्या नावाला खुशाल ओ देत. पण काल या मुलीला चौघांनी दाबून धरलं होतं आणि सुई काकूंच्या हातात होती. रक्त मिळालं, दुपारचा डबा मात्र काकूंनी न उघडताच घरी परत नेला. पुन्हा असं करायचं नाही, हे त्या घरूनच ठरवून आल्या होत्या. आणि रक्त तर हवंच होतं. साडेनऊला नमुन्यांची पेटी तपासणीला जाणार. आजचा रिपोर्ट चांगला आला, तर तीन आठवडे इथं काढलेली पोरगी आज संध्याकाळी घरी. तिच्या बाबांनी तर पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"कशाला मोजायचे गं?" काकूंनी विचारलं.

"पुस्तकात आहे. रक्त पिणारं भूत आलं की दारात दाणे टाकायचे. एकूण एक दाणा मोजल्याशिवाय त्याला पुढे येताच येत नाही. कितीतरी देशांत असंच करतात."

"दाणे कुठून आणणार? मग माळच तोडली तिनं," पलंगाजवळ उभे असलेले बाबा ओशाळून म्हणाले.

"मी झाडू आणते," मागून नर्स म्हणाली. "दोन मिनिटांत आवरू. मी पाय धरते, बाबा हात धरतील."

"झाडूबिडू काही नको," काकू म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. डाकीण असले तरी शिस्तीची आहे मी."

ट्रे बाजूला ठेवून त्यांनी दारातच बैठक मारली. गुडघा कटकन वाजला. एकेक मणी उचलून त्या वाटीत टाकू लागल्या. एक, दोन, तीन. बावीसवर आल्या आणि नर्सनं विचारलं, "काकू, चौदा नंबरचं रक्त झालं का हो?"

"झालं की, पंधराचंही... अगं बाई! गेले ना आकडे!"

काकूंनी वाटी पालथी केली. पुन्हा एक, दोन. नर्सनं कपाळाला हात लावला आणि पलंगावर खुदकन हसू फुटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. बाबा उगाचच खिडकीकडे वळले.

"काकू, तो निळा दोनदा मोजलात तुम्ही!"

"निळे मेले सगळे सारखेच दिसतात."

"आणि पिवळा राहिला! तो काय, तुमच्या पायाशी!"

काकूंना पिवळा काही केल्या दिसेना. शेवटी मुलगी पलंगावरून उतरली आणि त्यांच्यासमोर फतकल मारून बसली.

"सरका. मी मोजते. तुम्ही नुसता घोळ घालता."

मुलगी भराभर मोजायला लागली. काकूंनी घड्याळ पाहिलं. नऊ वीस.

"तुझा डावा हात रिकामाच आहे, तो दे इकडे," त्या म्हणाल्या. "टोचणार आहे बरं का. सांगून टोचणार, कालच्यासारखं नाही. आणि नको म्हणालीस तर थांबेन."

मुलीनं सुईकडे बघितलं, मग वाटीकडे. वाटीत एक्केचाळीस झाले होते. मग तिनं हात पुढे केला.

"टोचा. पण मध्ये बोलू नका. बेचाळीस."

काकूंनी रबरी पट्टी बांधली, कापसानं हात पुसला. अठ्ठावन्नला मुलीचे ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले. "अठ्ठावन्न," ती बारीक आवाजात पुन्हा म्हणाली. हात मात्र हलला नाही. "एकोणसाठ."

ऐंशीच्या आत काम झालं. नर्स रक्ताची नळी घेऊन पेटीकडे पळाली. काकूंना इतका आनंद झाला की पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं, पण मोजणी चालू होती आणि मध्ये बोलायची बंदी होती.

"एकशे सदतीस!" मुलीनं वाटी वर धरली. मग ती एकदम थबकली. वाटीकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. "बाबा, मला पण सगळे मोजल्याशिवाय उठता आलं नाही."

"बरं मग?"

"म्हणजे मी पण डाकीणच आहे!"

तिनं आ केला. पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे तोंडात सुळे तेवढे दिसत होते. कोपराच्या खळगीत कापूस दाबून ती काकूंना वळसा घालून बाहेर पळाली. अनवाणी, धाड धाड पाय वाजवत. "अगं हळू!" बाबा ओरडले खरे, पण तिच्या मागे धावताना त्यांनाच हसू आवरत नव्हतं.

काकू दाराला धरून उठल्या. शेजारच्या खोलीतले आजोबा चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यांच्या दाराशी पावलं थांबलेली काकूंनी ऐकली.

"कोण आहे?" आजोबांचा आवाज आला.

"रक्त पिणारं भूत. पण आम्हाला बोलावल्याशिवाय आत येता येत नाही. येऊ का?"

आत पलंग करकरला.

"थांब हं," आजोबा घाईघाईनं म्हणाले, "आधी कवळी घालतो, मग ये. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी भेटायला आलंय."