समोरचा शुक्र

उत्तरा शनिवारी संध्याकाळच्या गाडीने कल्याणहून ठाण्याला गेली. तान्ह्या पोरासकट गेली आणि सुखरूप पोचली. पण तिच्या वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे ती गेलीच नाही. तेव्हा आपणही ती गेलेली नाही असंच धरून चालू.

तर ती गेलेली नाही, आणि कल्याणच्या फलाटावर तीन महिन्यांचं पोर छातीशी धरून भाऊंशी भांडते आहे.

"भाऊ, वाट सोडा."

"आधी समोर बघ," भाऊ म्हणाले आणि हातातल्या पंचांगाने त्यांनी पश्चिम दाखवली.

ठाण्याच्या अंगाला शुक्र लखलखत होता. त्याच्या शेजारी चैत्रातल्या तिजेची कोर. दोघं इतके देखणे दिसत होते की हमाल धोंडीबा डोक्यावरची पेटी खाली ठेवायची विसरून बघत उभा होता. भाऊंना त्यात फक्त गुन्हा दिसत होता. तान्ह्या मुलाच्या आईने शुक्र समोर ठेवून प्रवास करू नये, मुलाला बाधतो, असं शास्त्र. आणि कल्याणहून ठाणं पश्चिमेलाच. ते हलवायचा अधिकार भाऊंना नव्हता; कचेरीत तीस वर्षं कारकुनी करूनही नव्हता.

"तिकडे ठाण्याला माझ्या मंदीचा हात मोडलाय," उत्तरा म्हणाली. "चार वर्षांची पोर ती. सासूबाईंचं पत्र येऊन दोन दिवस झाले. आई कुठंय म्हणून रडते, असं लिहिलंय. काल का नाही जाऊ दिलंत?"

"काल शुक्रवार. शुक्रवारी पश्चिमेला जात नाहीत. दिशाशूल."

"पण काल तुमचा शुक्र आंधळा होता ना? तुम्हीच म्हणालात."

होता. चंद्र अश्विनी-भरणीत असला की शुक्राला दिसत नाही, तेवढ्यात कुणीही खुशाल समोरून जावं, अशी सवलत शास्त्रात आहे. महिन्यातून दोन-अडीच दिवस.

"आजसुद्धा होता," भाऊंनी कंदिलाखाली पान धरलं. "साडेपाचापर्यंत. मग चंद्र पुढे सरकला. आता त्याला दिसतंय."

"साडेपाचापर्यंत? मग दुपारच्या गाडीला का नाही सोडलंत?"

भाऊंनी पान उलटलं. त्या पानावर उत्तर नव्हतं.

"दुपारी माझा जरा डोळा लागला होता."

उत्तराचा आवाज फलाटभर गेला. "म्हणजे तो आंधळा होता तेव्हा तुम्ही झोपलात, आणि त्याला दिसायला लागल्यावर तुम्ही उठलात! तिकडे पोरीचं हाड मोडलंय आणि इकडे तुम्ही दोघं पाळीपाळीनं माझ्यावर पहारा करताय!"

गाठोडं घेऊन मागे उभ्या असलेल्या गोदूबाईंना, उत्तराच्या आईला, आता राहवेना. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची रीत नव्हती, म्हणून त्या लेकीशीच बोलल्या, पण ओरडून. "ह्यांना विचार गं, त्या मेल्याला तिथून आपलं पोर दिसतं, आणि ह्यांना हातभर अंतरावरची आपली लेक दिसत नाही?"

"ह्या पोराच्या जिवासाठीच बोलतोय मी!" भाऊ ओरडले.

उत्तराने पोराची कुंची सारखी केली. तेवढ्यात गाडी आली.

डब्यात समोरासमोर बाकं होती. तिने ती जरा वेळ बघितली.

"शुक्र समोर नको. एवढंच ना?"

"एवढंच."

ती चढली आणि इंजिनाकडे पाठ करून बसली. "घ्या. आता तुमचा शुक्र माझ्या पाठीमागे."

भाऊ भराभर पानं उलटू लागले. रेल्वे कल्याणला येऊन वीस वर्षं झाली होती, पण पंचांगात अजून आली नव्हती.

"अगं, पण गाडी पश्चिमेलाच चाललीय!"

"गाडीला तान्हं मूल नाही, भाऊ."

गोदूबाई लेकीच्या समोर, सुलट्या बसल्या. "मी अश्शीच बसणार. ह्यांना सांग, माझं आत्ताचं तोंड बघून शुक्रच दुसरीकडे बघेल."

गाडी हलली.

एरवी माणूस जातो तो पाठ दाखवून जातो. उत्तरा तोंड दाखवून गेली. खिडकीतून ती भाऊंकडे बघत होती, आणि गाडी लांब गेली तरी बघतच राहिली. तिचा राग कमी झाला नाही. नुसता लहान होत गेला. मग दिसेनासा झाला आणि त्या जागी शुक्र राहिला.

घरी चूल थंड होती. भाऊंनी दिवा लावला, बोरू तासला आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

"मेहेरबान स्टेशनमास्तरसाहेब, मुक्काम ठाणे, यांचे सेवेशी.

विनंती अर्ज ऐसा जे, आमची कन्या गाडीत कल्याणकडे तोंड करून बसली असल्याने शास्त्राप्रमाणे आजचे गाडीने निघालेली नाही. तरी ती तेथे उतरली किंवा कसे, तान्हे मूल वाटेत रडले किंवा कसे, हे उलट टपाली कळवावे. नात मंदाकिनी इचा हात आपण समक्ष पाहून, बोटे हलतात किंवा कसे, तेही लिहावे. तसेच, सदर कन्या निघालेलीच नसली तरी ती परत येईल तेव्हा गाडीत सुलट बसेल आणि तिचे तोंड पुन्हा माझेकडेच असेल. तरी त्यावरील राग आपले स्टेशनात उतरवून घ्यावा, आणि उतरवून घेतल्याची पोच सहीशिक्क्यानिशी पाठवण्याची मेहेरबानी व्हावी."