दुसरे दात

विदर्भातल्या खडकात रेवतीला सापडलेल्या माशाच्या जबड्यावर फुटाण्यांसारखे गोल दात होते. तो नामशेष झालेल्या पिक्नोडॉन्ट कुळातला, असं तिने प्रबंधात ठामपणे लिहिलं होतं. मार्गदर्शक बाईंना मात्र तो आजही असलेल्या एखाद्या माशाच्या कुळातला असावा, अशी शंका होती. ती खरी ठरली, तर सारा प्रबंध कोसळणार होता. आईने आयएनए मार्केटमधून आणलेल्या तशाच दातांच्या माशाचा जबडा रेवतीने फोडला, तेव्हा जुन्या दातांखाली नवे तयार दिसले. पिक्नोडॉन्टला दुसरे दात येतच नसत. आता लक्ष्मीबाई नगरच्या घरात कालवण निवत होतं आणि लॅपटॉपवर जीवाश्माचं स्कॅन उघडत होतं. दातांखाली नुसतं हाड! “काहीच नाहीये गं आई, बिल्कुल काही नाही!” रेवती किंचाळली. “अगं, मग रडायचं की हसायचं?” “हस! पिक्नोडॉन्टच आहे!” वडिलांनी पेल्यातली कवळी तोंडात बसवली. “बिचाऱ्याला दुसरे दात नव्हते. आम्हाला आहेत, वाढा आता!”