चार नंबरवर हरकत

या, जरा पुढे सरका. सतरंजीवर जागा आहे, भिंतीला टेकून लांब कशाला बसता? गोष्ट लहान आहे, पण लांबून ऐकायची नाही. देवपूरच्या एका बापाची आहे.

त्या रविवारी ऊन उतरता उतरता अभिमननाना मननच्या रंगाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का, खिशात चार घड्या घातलेला वहीचा कागद. समोर तिघं होती: दुकानाचा मालक मनन, टेम्पो चालवणारा सुपडू आणि बँकेत कामाला असलेली मुस्कान. फुटबॉलची देशातली मोठी लीग संपली की पहिल्या रविवारी ही मंडळी याच पायरीवर मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवायची. त्यांनी ठरवलेलं त्या खेळाडूच्या कानावर कधी जाणार नव्हतं. पण भांडायची अशी, की रस्त्यावरची माणसं सायकल उभी करून ऐकायची. नियम एकच. जो नाव मांडेल त्याने प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचं; हरकती संपल्या की नाव पक्कं.

चौथा समाधान, नानांचा मुलगा. फाल्गुनात त्याला कावीळ झाली आणि तो दवाखान्यातून घरी आला नाही.

नानांचं घर दुकानामागच्याच बोळात. दर वर्षी ते हरिपाठाला बसले की खिडकीतून समाधानचा आवाज यायचा, चढलेला, सगळ्यांवरून. "देवाचं नाव तरी घेऊ द्या रे!" म्हणून नाना ओरडायचे. यंदा बैठक भरणारच नव्हती. नानांनीच तिघांना फोन करून बोलावलं. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना ते भांडण एकदा ऐकायचं होतं, बस. समोरून हरकत आली की मध्ये पोराच्या उत्तरापुरती जागा होते, तेवढी त्यांना हवी होती.

नानांनी चष्मा लावला, कागद उलगडला.

"दवाखानामा लिखेल शे त्यानी," ते म्हणाले, आणि बोट फिरवत वाचू लागले. "चार नंबर. डिफेंडर. मोसमात एकही गोल नाही. पण झालेल्या गोलांची नावं पेपरात येतात. जे गोल झालेच नाहीत, ते कोणाच्या नावावर..."

"मान्य, नाना," मनन म्हणाला.

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "आरे, अर्धं बी वाचं नही मी."

"समाधान म्हणायचा ते बरोबरच असायचं," मुस्कान म्हणाली.

"कधीपाईन? गेल्या साले याच सुपडूनी त्यानी कॉलर धरेल व्हती. का रे सुपडू, तुना तो नऊ नंबर कोठे गया? पंधरा गोल, पंधरा गोल करीसन डोकं खायेस ना तू?"

"जाऊ द्या ना नाना." सुपडू अंगठ्याने पायरी खरवडत होता. "यंदा चार नंबरच."

मननने समोरच्या रसवंतीला हात केला. जो जिंकेल त्याला रसाचा पहिला ग्लास, अशी रीत होती. तो नानांच्या हातात आला. नानांनी तो न पिता बाजूला ठेवला. मग माळ घातलेला, सबंध आयुष्यात तोलून बोललेला तो माणूस मुद्दाम खोटं बोलला.

"मी सांगस, बठ्ठा खेळाडूस्मा जास्ती गोल चार नंबरनीच करात. वीस!"

सुपडूचा एक हात हरकतीला वर निघाला. त्याने तो परत गुडघ्यावर ठेवला.

"हो नाना," मुस्कान हळूच म्हणाली. "वीस."

नाना तिच्याकडे बघत राहिले. तिघंही गुणी लेकरं. त्यांतलं एकही त्यांना उलटा शब्द बोलणार नव्हतं, आज नाही आणि पुढल्या साली तर नाहीच.

ते गुडघ्यावर हात देऊन उठले. सुपडू हरकत घ्यायला उठायचा तसे, एक हात वर करून.

"हरकत!" आवाज फाटला. "हाऊ कागद फाल्गुनना शे, समाधान. शेवटला सात सामना तर तू दखातच नहीत. मंग कोन भारी, हाई तू कसं ठरावस?"

हीच हरकत, न पाहिलेल्या सात सामन्यांची, पहिल्या ओळीपासून तिघांच्याही मनात होती.

नाना कान देऊन उभे राहिले. बुवांनी चरण म्हणून सोडावा आणि टाळकरी तो उचलतील म्हणून थांबावं, तसे. एक रिक्षा गेली. ग्लासातला फेस खाली बसला. मुस्कानने ओढणी तोंडाशी घेतली. मनन दुकानातल्या डब्यांकडे बघत होता.

"बोल ना रे," नाना म्हणाले.

मायबाप हो, घरी जाऊन देवापुढे हात जोडाल तेव्हा समाधानची आठवण ठेवा. आणि कुणी म्हणालं, ज्याने एक गोल केला नाही तो कसला मोलाचा, तर मान डोलवू नका. भांडा.