चौथा व्हॉल्व्ह

विठ्ठल मिस्त्रीने पंचायतीच्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं, तेव्हा हिरी बाहेर पायरीवर उभी होती. सरकारने गावाला दिलेला रेडिओ चार दिवसांपूर्वी मुका झाला. झाडताना हिरीनेच हात लावला असणार, असं पंचांनी ठरवलं आणि तिला कामावरून काढलं. शहानिशा करतो कोण? ठाकरवाडीची बाई आयती सापडली होती.

विठ्ठलचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात. त्याची रीत सोपी होती. आत बल्बसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह; एक जरी बाद झाला तरी रेडिओ मुका. एकेक उपसायचा, त्या जागी आपल्याजवळचा चांगला बसवायचा आणि कान द्यायचा. पहिला बदलला, दुसरा बदलला, तिसरा बदलला. रेडिओ गप्पच.

"असल्यांनी हात घातल्यावर काय ऱ्हातंय," पंचायतीच्या खोलीची किल्ली सांभाळणारा श्रीपती पंच म्हणाला. "टाका भंगारात."

चौथा बदलला आणि रेडिओ खरखरला, मग बाजारभाव सांगू लागला. सगळे खूश झाले. विठ्ठल मात्र काढलेला व्हॉल्व्ह उजेडात धरून बघत राहिला. त्याच्या बुडाला खिळ्याने फुली कोरलेली होती. बाद व्हॉल्व्ह चांगल्यांत मिसळू नये म्हणून तो स्वतःच अशी फुली मारायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा.

"श्रीपतराव, हा तर मागल्या आठवड्यात मी तुमच्या घरच्या रेडिओतून काढला. नवा पुण्याहून आणतो म्हणालात. मग हा इथं कसा?"

श्रीपतीचं तोंड उतरलं. तो उगाच उपरण्याने मान पुसू लागला.

सरपंच मारुतीआबा खाकरले. "ऱ्हाऊ द्या आता. रेडिओ वाजतोय न्हवं? हिरे, उद्यापास्नं ये झाडायला."

हिरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चार दिस गावभर माजं नाव घेतलं तुमी, आबा. आता त्येचं घ्या. तेवड्याच मोट्यानं."

जन्मात कधी कांद्याचा भाव ऐकला नसल्यासारखे सगळे रेडिओकडे कान लावून बसले.

हिरी पायरी चढून आत आली. पंचांच्या मधून सरळ रेडिओपाशी गेली आणि बटण करकचून फिरवलं. कांद्याचा भाव अर्ध्यावरच तुटला.

"आता लावलाय हात," ती म्हणाली. "आता सांगा गावाला."