अकरावी खुर्ची

शाळेच्या ऑफिसात संगणकाचं काम बघणाऱ्या चिमणीने जुन्या मुलांच्या नोंदी शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. तिच्या बाईंना आपण शिकवलेला पहिला वर्ग पुन्हा जमवायचा होता. त्या वर्षाच्या अखेरीस शाळेच्या पटावर दहा जण होते, म्हणून तिने प्रोग्रॅममध्ये दहा प्रश्नचिन्हं मांडली. एकेका प्रश्नचिन्हाच्या जागी एकेक नाव बसणार होतं. पण बाईंनी सांगितलेली आणि त्यांच्या नातवाने टाइप केलेली यादी आत घालताच प्रोग्रॅम अडून बसला.

"बाई, नावं अकरा आहेत. जागा दहाच."

"अगं, आधी मुलं मोजावीत, मग खुर्च्या मांडाव्यात. माझ्या वर्गात कधी कुणी उभं राहिलंय का?"

चिमणी हसली. मग प्रोग्रॅमच आधी यादी मोजेल आणि तेवढीच प्रश्नचिन्हं मांडेल, असा बदल तिने केला. नोंदी भराभर आल्या. शेवटची तिची स्वतःची होती, लहानपणी सुटलेल्या घराच्या पत्त्यासकट.

"बाई, मी तर सहामाहीलाच शाळा सोडली होती."

"तू सोडलीस गं," बाई म्हणाल्या. "तुझी खुर्ची मी वर्षभर उचलली नव्हती."