खणातले अकरा

तिने खण ओढला तसा डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. आत अकरा हमिंगबर्ड उताणे निजवलेले. अंगठ्याएवढे, डोळ्यांत कापूस, पायांना चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर सरांचं.

सर काठी टेकत खुर्चीत बसले. संग्रहालयातून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. तिला चिमटा कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, तुमचंच खरं ठरलं," ती म्हणाली. "ही वेगळीच जात आहे. डीएनए तीन ठिकाणी तपासून घेतला."

चाळीस वर्षं लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. साध्या हिरव्या हमिंगबर्डची पिल्लं आणून नवी जात म्हणून मिरवतो, असं म्हणून परिषदांमध्ये हसले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक पक्षी तळहातावर घेऊन खिडकीकडे कलता केला. गळ्यावरचा हिरवा रंग एकदम तांबूस पेटला.

"आणि नाव?"

"तुम्ही दिलेलंच. नियमानं आधी दिलेलं नावच राहतं."

सर मनापासून हसले. पुढचं वाक्य मात्र ती आठ दिवस मनात घोळवत होती. म्हाताऱ्याच्या जिवाला लागेल, म्हणून आज दुसऱ्या कुणाला तिने खोलीत येऊ दिलं नव्हतं.

"सर, तुम्ही हे जिथून आणलेत त्या डोंगरावर मी तीन हंगाम काढले. झाड न् झाड पाहिलं. एकही दिसला नाही. बहुतेक... हे अकराच."

लहान मुलीची समजूत काढावी तसा सरांनी तिचा हात थोपटला.

"अगं, त्यात तोंड पाडून काय बसायचं? दिसणार कसा? मी एकही मागे ठेवला नव्हता."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तेव्हा डोंगराखाली दुसऱ्या एका संग्रहालयाची माणसं तंबू ठोकून बसली होती. एक जरी त्यांच्या हाती लागला असता, तर नाव त्यांनी दिलं असतं. शेवटची मादी घरट्यावरून उठेचना. हातानेच उचलली."

त्यांनी पक्षी जागेवर ठेवला, चिठ्ठी बोटाने सरळ केली.

"अंडी तेवढी राहिली," ते हळहळले. "खिशात फुटली."