बेइमानाचा ढीग

"सही कर, बा," सुनितानं अर्ज पुढं सरकवला. "तू तांड्याचा नाईक. तुझी सही पायजे."

हरिचंदनं कागदाकडं एकदा पाहिलं आणि बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून तो उठला. सुनिता शाळेत मास्तरीण होती, हार मानणारी नव्हती. तिनं तांड्यातल्या बेचाळीस जणांच्या सह्या-अंगठे गोळा केले, बापाचा सोडून.

अर्ज कोटगावच्या ढिगाबद्दल होता. कोटगाव एके काळी तटबंदीचं शहर होतं. आता वेस आणि दोन बुरूज तेवढे उरले होते, ऐट मात्र शहराचीच होती. वेशीबाहेर माडीएवढा दगडांचा ढीग होता. त्याचं नाव बेइमानाचा ढीग. चारशे वर्षांमागं शहराला वेढा पडला, तेव्हा बैलांवरून धान्य वाहणाऱ्या तांड्याच्या भीमसिंग नाइकानं फितूर होऊन वेस उघडली आणि लोकांनी त्याला तिथंच दगडांनी ठेचलं, असं गाव सांगे. दर वैशाखी अमावस्येला घरटी एक माणूस त्या जागी दगड टाकी. दगड पुरवायचे तांड्यानं, आणि शेवटचा टाकायचा तांड्याच्या नाइकानं. म्हणजे गुन्हा कबूल.

तांड्यात वेगळं सांगत. शहर उपाशी मरत होतं आणि भीमसिंगनं वेस उघडली ती धान्याचे बैल आत घ्यायला. सुनितानं अर्जात हेच लिहून दगड टाकणं बंद करायची मागणी केली होती.

तिचा राग गावापेक्षा बापावर जास्त होता. हा माणूस अमावस्येच्या आधी आठवडाभर कयाधू नदीच्या पात्रात उतरायचा, भरीव दगड निवडायचा, घासून धुवायचा आणि गाडी भरून वेशीपाशी आणायचा. एका वर्षी तर अंगात ताप असताना गेला. शेवटचा दगड कपाळाला लावून हलक्या हातानं ठेवायचा. कोटगावचे मानकरी अमृतराव देशमुख मिशीत हसत म्हणायचे, माफी मागून राहिला बिचारा.

"लाज न्हाई वाटत, बा?" तिनं एकदा तोंडावर विचारलं होतं.

"काम बराबर व्हाया पायजे," एवढंच तो म्हणाला होता. सुनिता दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

अर्ज द्यायला ती सेनगावच्या तहसील कचेरीला निघाली, तेव्हा तोही जीपमध्ये येऊन बसला. अर्ध्या वाटेत एका बाभळीखाली त्यानं जीप थांबवली. बैल लादून जाताना त्याचा पणजोबा तिथं वारला होता. लादलेला तांडा पुरायला थांबत नसतो, म्हणून जो तो त्याच्यावर एकेक दगड ठेवून पुढं गेला होता. हरिचंदनं दगड शोधण्यात वेळ घातला. जीपवाला कुरकुरला. कचेरी बंद होईल या धास्तीनं सुनितानंही एक घाईघाईनं ठेवला आणि बापाला जवळजवळ ओढतच आणलं.

कचेरीच्या पायरीवर तो म्हणाला, राहू दे पोरी, चालू हाय ते चालू दे. ती एकटीच आत गेली.

अर्ज तिथून वर गेला. जिल्हा नुकताच झाला होता, कलेक्टर साहेब नवा होता आणि कामाचा निघाला. चार महिन्यांत आदेश आला. ही प्रथा बंद, जो दगड टाकील त्याच्यावर गुन्हा दाखल.

अमावस्येला वेशीबाहेर सगळं गाव जमलं. दोन पोलीस उभे होते. ग्रामसेवकानं चाचरत आदेश वाचला. अमृतरावांनी हरिचंदनं यंदाही भरून आणलेल्या गाडीतला दगड उचलला आणि विचारलं, आमच्या बापजाद्यांचा रिवाज आता एक पोरगी बंद करणार काय?

सुनिता ढिगापुढं जाऊन उभी राहिली. 

"टाका की. आधी मला लागंल."

कुणी हललं नाही. अमृतरावांनी दगड गाडीत ठेवला, हात झटकले आणि ते वेशीतून आत गेले. त्यांच्यामागं गाव पांगलं. तांड्यातल्या बायांनी सुनिताला मिठ्या मारल्या. आपण आज भीमसिंगला मोकळं केलं, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

हरिचंद भरल्या गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. मांडीवर शेवटचा दगड होता.

"ऊठ, बा. आता टाकायचा न्हाई तो. कधीच न्हाई."

त्यानं वेशीकडं पाहिलं. शेवटचा माणूस आत गेल्यावरच तो बोलला.

"ही गोष्ट नाइकानं नाइकालाच सांगायची असती, म्हणून तुला बोललो न्हाई. बाभळीखाली आपण दगड ठेवला, तसा इथं भीमसिंगवर आपल्याला कुणी ठेवू दिला नसता. चारशे वर्सं त्याची समाधी आपण ह्यांच्याच हातानं बांधून घेतली, पोरी. आता कोण बांधंल?"